कौतिकाबाईंनी दिलेला पुरावा

मंडळी, मायबहिणींनो,

तुम्ही सगळे आलात. काही खदानीवरून आलात, काही धानाच्या बांधीतून आलात, चार जण सकाळच्या पॅसेंजरनं माझ्यासोबत गोंदियाहून आलात. मला बोलायची सवय नाही. मी अर्जनवीस. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. त्या कामात मान खाली असते. आज ती वर करून बोलायचं आहे, आणि ते अवघड जातं आहे.

दुसरी अवघड गोष्ट आधीच बोलून टाकतो. कौतिकाबाईंना जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या तेरवीला अंगणात सात माणसं होती. आज शाळेचं पटांगण भरलं आहे. तेव्हा काऊन नाही आलात, हे विचारायला मी उभा नाही. कारण मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. जाळण्याआधी बाईंचं शरीर चिरलं होतं.

ते कुणाच्या सांगण्यावरून चिरलं, आणि त्यातून काय निघालं, तेवढं सांगतो.

बाईंचा नवरा फागू. गिट्टीच्या खदानीत सुरुंगासाठी दगडाला भोकं पाडायचा. नऊ वर्षं पाडली. मग खोकला, मग दम, मग खाट. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहून आलं, क्षय. फागू गेला. कुणीतरी बाईंना माझ्याकडं पाठवलं. मी दावा लिहिला.

मंडळी, काम करताना मजुराला इजा झाली, किंवा कामानं रोग जडला, तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा इंग्रजांच्या वेळेपासून आहे. हात तुटला तर सोपं असतं. तुटलेला हात साहेबाला दिसतो. रोगाचं तसं नाही. तो कामामुळंच झाला, हे आपल्याला दाखवावं लागतं. भंडाऱ्याला भरपाईच्या कमिशनरांसमोर खदानीच्या ठेकेदाराचे वकील उठले. म्हणाले, हा क्षय आहे, क्षय तर खदान न पाहिलेल्यालाही होतो. आमच्याकडं काय होतं? एक चिठ्ठी होती, तिच्यावरही क्षयच लिहिलेला. दावा फेटाळला गेला.

कचेरीच्या पायरीवर बसून बाईंनी मला विचारलं, "काऊन हारलो, बाबूजी?"

मी म्हणालो, "पुरावा नव्हता."

"पुरावा कुठं रायते?"

मी कंटाळलेलो होतो. म्हणालो, "छातीत राहतो, बाई. तो आता जळून गेला."

त्या पदर सावरून उठल्या. मी ते बोलणं विसरलो. एका दिवसात असे कितीतरी लोक माझ्या टेबलापुढं उभे राहतात.

दोन वर्षांनी बाई पुन्हा आल्या. तोवर त्या स्वतः क्रशरच्या चाळणीवर होत्या. चाळणीवर काय असतं, ते मी तुम्हाला काय सांगू? भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, जेवणात कचकच. बाई टेबलापर्यंत आल्या आणि बराच वेळ उभ्याच राहिल्या. दम पुरत नव्हता. मग म्हणाल्या, "आता माही पारी हाय. या डाव हारायचं नाही. काय काय लागते ते सांगा."

मी सांगितलं. मालकाला लेखी कळवावं लागतं, उशीर न करता. दावा मुदतीत लावावा लागतो. हजेरीच्या पुस्तकात तुमचं नाव लागतं. डॉक्टरचा कागद लागतो, छातीचा फोटो, तो एक्स-रे, लागतो.

मंडळी, मी हे बोटांवर सांगितलं आणि या बाईनं एकेक बोट पुरं केलं. त्याच आठवड्यात ठेकेदाराला नोटीस गेली. नागपूरला जाऊन त्यांनी छातीचा फोटो काढला. हजेरीपुस्तकाची नक्कल मिळेना, तर खदानीच्या तोंडाशी तीन दिवस बसून राहिल्या. चौथ्या दिवशी नक्कल मिळाली.

मग ठेकेदाराचा मुनीम घरी आला. योगायोगानं मी तिथं होतो. सोबत कागद होता. "बाई, अंगूठा लगा दो, झंझट खतम." बाई म्हणाल्या, "बाबूजी वाचतीन, मंग पाहू." मी वाचला. त्यात लिहिलं होतं की, मला खदानीत लागण्यापूर्वीपासूनच क्षय होता आणि माझी काही तक्रार नाही. बाई हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या. खोकला थांबल्यावर मुनीमाला म्हणाल्या, "खदानीत आली तवा मी धानाचा पोता एकटी उचलत होती. तू आता मले उचलून पाय, किती भरते ते." मुनीम कागद घेऊन गेला.

पण फोटोवरून भांडण सुरू झालं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, या छातीत दगडाची भुकटी आहे. त्यांच्या डॉक्टरांनी तोच फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, क्षय. तारखा पडत गेल्या. हा खटला सुरू झाला तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, संपला तेव्हा मुंबई राज्यात. खदान मात्र जागची हलली नाही.

एका तारखेहून परतताना बाई गाडीत म्हणाल्या, "तुमी मनले होते, पुरावा छातीत रायते."

"कधी म्हणालो?"

"फागूच्या वक्ती. मंग मी मेल्यावर काढा ना."

मी त्यांना गप्प केलं. मला ते ऐकवलं नाही. पण त्यांनी पुढच्या तारखेला वकिलांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, आणि मग मेल्यावर छाती उघडून पाहावी, असा कागद माझ्याकडूनच लिहून घेतला. मी तो तीनदा वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे अंगठा केला.

हे गावात कळलं. पाटीलबाबा, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. तुम्ही बाईंना समजवायला गेलात. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "कौतिका, चिरलेल्या देहाले गती भेटत नाही." आणि बाई तुम्हाला म्हणाल्या, "बाबा, जितेपनी मले दहा पावलं गती नाही. मेल्यावरची कायले पाहू?"

तुम्ही उठून आलात. त्यानंतर त्यांच्या घरी लोकांचं जाणं कमी झालं.

सगळ्यात जास्त विरोध सगुणाचा होता. सगुणा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, तिकडं भिंतीशी बसली आहे ती. सतरा वर्षांची पोर. ती मला म्हणाली होती, "आईचा अंगठा घेतला तुमी, माहा नाही भेटनार." बाई गेल्या त्या सकाळी निरोप मिळताच मी पोहोचलो. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात न्यायला ट्रक दाराशी उभा होता आणि सगुणा त्याच्यापुढं जमिनीवर बसलेली होती. कुणी तिला ओढलं नाही.   बऱ्याच वेळानं तिनं मला विचारलं, "तिले दुखंल काय?"

मी म्हणालो, "नाही."

ती उठली. ट्रकमध्ये आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गोंदियापर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही.

सरकारी डॉक्टर दीड तासानं बाहेर आले. हात धुतले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबूजी, इतकी वर्षं हे काम करतो. फुफ्फुस कापताना कात्री करकर वाजली. वाळूत चालवावी तशी." फोपशाचे तुकडे बाटलीत घालून नागपूरला गेले. तिथून कागद आला. क्षयाचं चिन्ह नाही. दगडाच्या भुकटीनं झालेल्या गाठी, दोन्ही बाजूंना.

मागच्या आठवड्यात कमिशनर साहेबांचा हुकूम झाला. रोग कामामुळंच झाला, असं त्यात लिहिलं आहे. भरपाई सगुणाच्या नावानं मंजूर झाली. हुकूम ऐकून तिनं एकच प्रश्न विचारला. "आन बाबाचं?" मला खरं सांगावं लागलं. फागूचा दावा संपलेला आहे. तो उघडत नाही.  त्यावर माझ्याकडं अर्ज नाही, मंडळी. प्रत्येक गोष्टीवर अर्ज नसतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती तुमच्यापैकी दावा लावलेल्या सहा जणांसाठी आहे. तुमचे फोटो काढून झाले आहेत. तुम्हाला भीती आहे की, तुमच्या छातीवरूनही असंच भांडण होईल आणि निकाल तुम्ही गेल्यावरच लागेल. नीट ऐका. बाईंचा जितेपणीचा फोटो दाव्याच्या फायलीत आहे आणि त्यांच्या फोपशाचा कागदही त्याच फायलीत आहे. फोटोत जिथं डाग दिसतात तिथंच फोपशात गाठी निघाल्या, हे आता सरकारी कागदावर आलं आहे. तसेच डाग तुमच्या फोटोत आहेत, असं डॉक्टर म्हणतात. वकील आता बाईंचा कागद तुमच्या फोटोंशेजारी ठेवणार आहेत. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण तुमची छाती वाचून घ्यायला तुम्हाला मरावं लागणार नाही. ते काम कौतिकाबाईंनी करून ठेवलं आहे.

येत्या सोमवारी भंडाऱ्याला पहिली तारीख आहे. सहाही जणांनी पहिल्या गाडीनं यावं.

मला आणखी बोलता येत नाही. कौतिकाबाईंना माझा नमस्कार. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. उभं राहून ज्यांना दम लागतो, त्यांनी बसूनच राहावं. आणि खोकला आला तर दाबू नका.