पिंपळावरचा विमा एजंट

…आन् त्याच्या परवान्याला काय सोन्याचा मुलामा दिलाय का? न्हाई, तुमीच सांगा! कागद त्याचाबी तोच, मोहर त्याचीबी तीच, मग त्या आश्रुबाचा परवाना भिंतीवर काचेत झळकायलाय आन् माझा परभणीच्या कचेरीत धूळ खायलाय, ह्याला न्याय म्हणायचा का? मी जळायलोय असं समजू नका हां… मी काय जळत न्हाई! पण माणसानं बोलूबी नये का?

बसा, बसा, सांगतो. मी मुंजाजी, इथलाच, मानवतचा. विम्याचा एजंट. मुंबईच्या कंपनीचे ह्या गावात एजंट दोनच, एक मी आन् दुसरा हा आश्रुबा. आता विमा म्हणलं की लोकं कसे बघतेत तुमाला ठाव हाय. मी आप्पारावांच्या घरी गेलो, रामराम केला, म्हणलं, "आप्पाराव, समजा उद्या तुमी मेलात…" झालं! फुडचं त्वांडातच राह्यलं, त्यांची म्हतारी भाकरी थापता थापता उठली की उलथनं घेऊन! "मरो तुजा मुडदा, सकाळच्या पारी माज्या ल्योकाला मारायलास व्हय रे?" मी आपला चपला हातात घेऊन वेशीपरेंत.

आन् आश्रुबा? हा बाबा मरणाचं नावच काढत न्हाई! ओट्यावर जाऊन बसतो, हुरडा खातो, म्हतारीच्या गुडघ्याची चौकशी करतो, नातवाला मांडीवर घेतो आन् म्हणतो, "आप्पाराव, ह्याच्या लग्नात वराती घोडा कुठला आणायचा?" घोड्यावरून वरात, वरातीवरून खर्च, खर्चावरून विमा! कळतबी न्हाई कवा सही झाली. म्हतारी वरून त्याला दही-धपाटे बांधून देती. मला उलथनं, त्याला धपाटे! त्याच्याकडं बैलाची दमणी हाय, दमणीला घुंगरं हायत, अंगात कोट हाय, डोईवर असा तुरा काढलेला फेटा… आन् मी उन्हातान्हात पायी. पण मी काय जळत न्हाई! देवानं दिलंय त्याला, खाऊ द्या.

फक्त एक दिवस परभणीला गेल्तो, तर सहज, अगदी सहज बरं का, विमा खात्याच्या साहेबांच्या कानावर घातलं. म्हणलं, "हुजूर, आश्रुबा माणूस चांगला हाय, पण त्याच्या चालचलनीची चौकशी अर्धवट झाली. घरी कुणी शिपाई गेलाच न्हाई, आन् परवाना मात्र मिळाला. कायद्यात बसतंय का हे?" साहेब हैदराबादचे, लय भला माणूस, आवाज चढवणं ठाऊक न्हाई. चष्मा पुसला आन् म्हणले, "हौ मुंजाजी, तुम सच बोले. कायदा सबकू एकच रहना. मानवत के सब एजंटां की चौकशी फिर से करींगे."

सब एजंटां! अहो, आमी दोघंच की हो सब!

चौकशीचा नियम असा, की एजंट घरात नसताना शिपायानं जायचं आन् घरच्या माणसाच्या त्वांडून एजंटाचं नाव आन् राह्यची जागा वदवून घ्यायची. म्हणजे पढवापढवी नको. आधी गेला आश्रुबाच्या दारी. त्याची बायको तानुबाई, ती काय लाजती व्हय? नऊवारीचा पदर खोचला, शिपायाला पाट दिला आन् म्हणली,

"दारी आलं सरकार, बसायला देते पाट,
आश्रुबारावांचं नाव घेते, बघा आमचा थाट!"

शिपाई खूश! गुळाचा चहा पिला, कागदावर झरझर लिवलं, चौकशी पक्की.

मग आला माझ्या दारी. मी गेल्तो बोरीला गिऱ्हाईक बघायला, आई गेल्ती चुडाव्याला बहिणीकडं. घरात एकटी आमची मंडळी. आता बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घेऊ नये, घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतंय, हे मला मान्य हाय. पण आयुष्य वाढवायला हिनं परवानाच खाल्ला की हो! शेजारीण भिताडावरून समदं ऐकत व्हती, तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. शिपाई म्हणला, "अम्मा, तुमारे मरद का नाम क्या?" ही दाराआड. "इश्श!" शिपायानं इश्श लिवलं म्हणं आन् मग खोडलं. "अम्मा, नाम बोलो ना, सरकारी काम हय." तवा ही म्हणली, "अवं, ते पाराजवळच्या पिंपळावर अस्तेत न्हवं का… त्येंचं नाव!"

आता आपल्याकडच्या शेंबड्या पोराला कळंल की पिंपळावर कोण अस्तंय! दर गावात पिंपळ हाय, दर पिंपळावर मुंजा हाय, त्याच्या नवसाचे आमी निम्मे परभणी जिल्ह्यातले मुंजाजी! पण त्या परमुलखाच्या शिपायाला काय कळावं?

"पीपल पे? कौवा?"

"न्हाई वो!"

"तोता?"

"अवं, त्येला शेंदूर लावतेत, निवद दावतेत!"

"कौवे कू शेंदूर?" शिपायानं डोकं खाजवलं, वर पिंपळाकडं बघितलं, खाली कागदाकडं बघितलं आन् लिवून टाकलं: नाव कळलं न्हाई, राहणार पिंपळाचं झाड.

तुमाला सांगतो, आठव्या दिवशी हुकूम आला. चौकशी अपुरी, परवाना बंद, कागद कचेरीत जमा करा! आन् हुकूम कुणाच्या हाती धाडावा? आश्रुबाच्या! त्यो दमणीतून उतरला, माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणला, "मुंजाजी, घोर करू नको गड्या, तवर तुझे गिऱ्हाईक मी संभाळतो." संभाळतो! लांडगा म्हणतोय शेरडं संभाळतो! पण मी काय जळत न्हाई… पोटात जरा आग पडली, ती मिरचीची असंल.

मग परभणीला साहेबाफुडं पेशी. परवाना गेला म्हंजे माझा धंदाच बसला, दुसरं मला येतंय काय? तवा गुमान निघालो. मी, आई आन् आमची मंडळी. जायचं कशात? आश्रुबाच्या दमणीत! "माझी साक्ष लागली तर," म्हणतो. रस्ताभर ती घुंगरं वाजायलीत, आई म्हणायली, "किती गुणाचं लेकरू हाय रे आश्रुबा!" मी तिच्या पोटचा, आन् गुणाचं लेकरू आश्रुबा!

साहेबानं कागद वाचला, हसू दाबलं. मी म्हणलं, "हुजूर, ही माझी आई, ही सांगती की नाव." साहेब म्हणले, "नक्को. जिसका जबाब, उसीच ने दुरुस्त करना." आता समदी कचेरी आमच्या मंडळीकडं बघायली. कारकुनानं टाक खाली ठिवला, दाराशी चपराशी थांबला. मी डोळ्यानं खुणावतोय, हात जोडतोय, मनात म्हणतोय, बाई, आज आयुष्य थोडं कमी झालं तरी चालंल, पण घे! ही पदराचं टोक चावायली. मग पुटपुटली,

"मानवतच्या मोंढ्यात कापसाची रास,
मुंजाजीरावांचं नाव घेते साहेबांसाठी खास!"

अहाहा! कचेरीत टाळ्या! माझ्या अंगावर काटा आला बघा. लग्नात घेतल्यावर पुन्हा आजच. मी आश्रुबाकडं असं बघितलं, म्हणलं बघ! तुझीच बायको घेती व्हय नाव? परवान्याला हात लावणार तवर साहेब म्हणले, "बहोत अच्छा! अब मुंजाजी, ये बीबी तुमारीच हय, पक्का करना. तुमारी बीबी का नाम बोलो."

मेलो! समोर माझी आई. बाजूला आश्रुबा. खिडकीत लोकं. आईदेखत बायकोचं नाव? आमच्या सात पिढ्यांत कुणी घेतलं न्हाई! घरात मी "अगं ए" म्हणतो, न्हाईतर खोकतो, तिला कळतंय. आता कचेरीत खोकून चालंल का? तरी खोकलो. साहेब म्हणले, "पानी दो इसकू."

पाणी पिलो. आन् त्वांडातून निघालं काय? "हुजूर… ते… आंब्यावर बसून वरडतंय न्हवं का… त्येचं नाव…"

"आम पे? बंदर?"

"न्हाई हुजूर! काळं अस्तंय… लय गोड वरडतंय…"

"काला बंदर?"

आई पदर त्वांडाला लावून खुदुखुदु हसायली. आन् आमच्या मंडळीनं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं… अहो, तुमाला कळलं ना तिचं नाव? मग मनातल्या मनात म्हणा, मला नका म्हणायला लावू!

आन् तेवढ्यात हा आश्रुबा उठला! कुणी बोलावलं न्हाई, कुणी इचारलं न्हाई. फेटा सारखा केला, साहेबांना सलाम ठोकला आन् स्वतःच्या बायकोचं नाव घेऊन दाखवलं! "असं घ्यायचं गड्या," म्हणला,

"दुधना नदीच्या काठाला जवारीचं रान,
तानुबाईचं नाव घेतो, राखतो तिचा मान!"

साहेब खुर्चीतून अर्धे उठले, "वाह! वाह! फिर से!" म्हणले. फिर से! त्यानं फिरून घेतलं! आई म्हणली, "बघ, शीक जरा." आन् आमची मंडळी, ज्या बाईला मी इतकी वर्सं खोकून हाका मारल्या, ती बाई म्हणली, "तानुबाईचं नशीब!" हे मात्र मला लागलं. परवान्यापक्षा जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.

हुकूम झाला, की मुंजाजीनं कचेरीत येऊन बायकोचं नाव नीट सांगावं, तवर परवाना बंद. परतीच्या वाटंला दमणीत समदे आश्रुबाचाच उखाणा घोळवायलेत, बैलबी माझ्याकडं बघंनात.

करायचंय काय आता? पुढच्या पेशीची तयारी चालू हाय. रोज सकाळी उखाणा पाठ करायलोय. आन् शिकवायलाय कोण? गावात दुसरं कोण हाय! त्या आश्रुबाच्या ओट्यावर मांडी घालून बसतो, त्याचाच चहा पितो, त्याच्या मागून माझ्याच बायकोचं नाव म्हणायचा सराव करतो. मी काय जळत न्हाई हो! पण तुमाला सांगतो… माझ्या बायकोचं नावसुदिक त्याच्याच त्वांडात गोड वाटतंय!