दातांचं निमित्त

समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि तिचा तिशीतला मुलगा बसले होते.

"मावशीला काय सांगून निघालीस?"

"दातांच्या डॉक्टरकडे जातोय म्हणून."

"दर आठवड्याला?"

"तुझे दात फार किडलेत असं सांगितलंय. तिने आणलेलं स्थळ त्यापायीच फिसकटलं."

"मला मुलगे आवडतात हे सांगितलं असतंस, तरी फिसकटलंच असतं."

"ते सांगायला धीर लागतो रे. किडक्या दातांचं कसं, पटकन बोलून मोकळं होता येतं."

"आणि माझी झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं, ते?"

"तेही दातांवरच ढकललं."

"आता लागते झोप."

"कळतं ना! सकाळी हाका मारून घसा बसतो माझा."

"मग आता मी एकटा येत जाईन. तुला कशाला हेलपाटा?"

तेवढ्यात दार उघडून बाईंनी आत बोलावलं. मुलगा उठला, तसं आईने त्याला हात धरून खाली बसवलं.

"तू बस. आजची वेळ मी माझ्यासाठी घेतलीय."

"तुझ्यासाठी? तू काय बोलणार आत?"

"ते तुला कशाला सांगू? आतलं बोलणं बाहेर जात नाही, असं बाईंनी फोनवरच कबूल केलंय."