आळीचं व्होल्टेज अविनाशच्या हातात

अविनाश आज इथं नाहीये म्हणून सांगतो. पुनावळ्यात आम्ही दोघं एका खोलीत भाड्याने राहायचो. गेम जोरात पळावा म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं व्होल्टेज सव्वा व्होल्टवरून एक पॉइंट पस्तीस केलं. त्याच संध्याकाळी घरमालक नाना जिन्यात भेटले.

"आज मोटरनं पयल्या झटक्यात पाणी उचललं. रोज व्होल्टेजच नसतं."

मी आपलं सहज म्हटलं, "अविनाशने वाढवलंय ना."

पुढे त्याचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला. प्रोसेसर जळायला नको म्हणून अविनाशने व्होल्टेज परत सव्वावर आणलं. नेमके त्याच संध्याकाळी आळीतले दिवे मंदावले आणि नाना दारात हजर.

"अविनाश, व्होल्टेज कमी केलंस व्हय?"

त्याला वाटलं, नानांनाही यातलं कळतं. "हो नाना. सव्वाच सेफ असतं."

"तुझ्यापुरतं सेफ हाय. हितं आख्ख्या आळीच्या टाक्या कोरड्या पडल्यात."

"अहो नाना, ते फक्त माझ्या कॉम्प्युटरचं आहे."

"मग कॉम्प्युटरवरनं वाढव. मी हितंच बसतो."

नाना खरंच पलंगावर बसले. मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबत उभा. शेवटी बिचाऱ्याने त्यांच्यासमोर पुन्हा एक पॉइंट पस्तीस केलं.

खोटं वाटेल राव, पण खालून नानांच्या सुनेचा आवाज आला, "मामा, मोटरनं पाणी उचललं."

नाना उठले आणि जाता जाता मला म्हणाले, "आता याला हात लावू देऊ नगंस."