उत्तराताईंचा मेमो

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विश्वस्त, आपल्या मुलुंडच्या या रुग्णालयातले सहकारी, टिपणीस कुटुंबीय आणि आजच्या सत्कारमूर्ती उत्तराताई टिपणीस,

मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलंय. जमेल असं वाटत नाही.

उत्तराताईंनी एकतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली. आम्ही केसपेपरवर खरडायचं, त्यांनी त्या आजाराचा कोड टाकायचा. फिशर म्हणजे गुदद्वाराची चीर, तिचा एक कोड. भगंदराचा, म्हणजे तिथेच आतून पू वाहणाऱ्या नळीचा, दुसरा. आणि डॉक्टरांनी धड लिहिलंच नसेल तर 'अनिर्दिष्ट'. आमचा लाडका कोड! हसू नका, लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

गोवंडीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शेवंतीताई वर्षभरात चार वेळा आल्या. चारही वेळा 'फिशर, अनिर्दिष्ट'. त्या संकोचायच्या, आम्ही घाईत. तपासलं कोणीच नाही. शेवटचे दोन पेपर माझ्या अक्षरातले.

उत्तराताईंनी चारही पेपर शेजारी शेजारी ठेवले. सिस्टरांच्या नोंदीत दर वेळी पू, दर वेळी ड्रेसिंग. ते घेऊन त्या थेट माझ्या ओपीडीत आल्या.

"डॉक्टर, नुसत्या चिरेतून वर्षभर पू येतो का हो?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही कोड टाका. निदान करायचं काम तुमचं नाही."

"निदान तुम्हीच करा. पण करा तरी!"

मी चिडलो. बोलावलं मात्र शेवंतीताईंना. तपासलं, तर भगंदर. तिथला तुकडा तपासणीला पाठवला, तर क्षय, तोच टीबी. वर्षभर आम्ही त्यांना मलम देत होतो! रीतसर औषधं झाली, मग शस्त्रक्रिया. आज त्या बऱ्या आहेत, पुन्हा शाळेत कामावर जातात.

आणि उत्तराताईंना काय मिळालं? मेमो. 'अधिकारकक्षा ओलांडून वैद्यकीय कामात हस्तक्षेप.' तक्रार कोणी केली होती? मी. रिपोर्ट यायच्या आधी, रागाच्या भरात. रिपोर्ट आल्यावर तोंडी म्हणालो, मेमो काढून टाका. यंदा दोनदा लेखी दिलं. उत्तर आलं, 'जुनी बाब आहे, राहू द्या.' का राहू द्या? न तपासणाऱ्या आम्हा एकालाही साधी विचारणा नाही, आणि जिने ते पेपर नीट वाचले तिच्या फाइलमध्ये ठपका? वर आज तिलाच शाल?

अध्यक्ष महोदय, शाल मी धरून उभा आहे. आधी मेमो मागे घेतल्याचं या माइकवरून सांगा, मग पांघरतो.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. जेवणाआधी तोंड कडू केलं, त्याबद्दल पाहुण्यांनी सांभाळून घ्यावं. उत्तराताई, तुमची तक्रार मी बंद केबिनमध्ये केली होती. माफी सगळ्यांसमोर मागतो. माझं चुकलं.