देवव्रतच्या नावाने

हॅलो?

…हो, देवव्रतचाच नंबर. मी त्याची आई बोलतेय, सुहासिनी. तू कोण गं?

…संघमित्रा? विक्रोळीची? अगंबाई! बोल ना. ओळखते म्हणजे काय, रोज तुझं नाव वाच… म्हणजे तोच सांगतो, जेवताना. 'सोबती'च्या ग्रुपमध्ये नवीन आलीयेस ना तू?

…नाही गं, घरी नाहीये. ऑफिसला गेलाय, मरोळला. … फोन इथेच विसरला. धांदरट आहे.

…तुला नंबर कुठून मिळाला पण? … 'सोबती'च्या पानावर? अजून आहे तिथे? … नाही, काही नाही. आत्तापर्यंत कुणी फोन केला नव्हता, म्हणून विचारलं. तो बोलताना अडखळतो ना, लहानपणापासून. लिहिलेलंच बरं पडतं त्याला. … हो, म्हणूनच तुमच्या भेटीगाठींनाही येत नाही.

…थांब हं, गॅस बंद करून येते.

…हां, बोल. … संध्याकाळी? संध्याकाळी उशीर होतो त्याला. … उद्याचं मी काय सांगू? अगं, काय अडलंय ते मला सांग ना. … हसतेस काय! ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचं सगळं मराठीत वाचून दाखवतो तो 'सोबती'. फुकट. आणि तो बनवणारे तुम्ही सगळे बिनपगारी. बरोबर? आमच्या टेबलावर वर्षानुवर्षं दुसरा विषय नाही. हे तर म्हणायचे, याचं लग्न 'सोबती'शीच लागलंय.

…नवीन माणसाने काय करायचं? अगं, तेच तर तो सगळ्यांना लिहितो. आल्या आल्या दहा कामं अंगावर घ्यायची नाहीत. एकच घ्यायचं, छोटं. एखाद्या शब्दाची दुरुस्ती असली तरी चालेल, पण ती पुरी करायची. प्रश्न खाजगीत विचारायचा नाही, सगळ्यांसमोर विचारायचा, म्हणजे मागून येणाऱ्यालाही उत्तर सापडतं. आणि डोळ्यांवर रुमाल बांधून तासभर फोन वापरून बघायचा. … बघितलास? घाटकोपरला, अंध मुलांबरोबर बसून? मग झालं की! त्याच्या सांगण्याचा तुझ्याएवढा फायदा कुणी करून घेतला नसेल.

…काय गं? … रडतेस का?

…अगं ऐक ना. संघमित्रा. हळू. एकेक सांग.

…सोडतेस? काय सोडतेस? … 'सोबती'? का पण?

…मधुकरराव? बोरिवलीचे? … हो, हो, ग्रुपवर असतात ते. दिसत नाही त्यांना, एकटे राहतात. त्यांचं काय?

…बाथरूममध्ये पडले? … कधी? … अरे देवा. कमरेचं हाड. … मग कुणाला फोन नाही केला? जवळ नव्हता?

…होता.

…होता, पण बोलेना.

…थांब, परत सांग. नवा 'सोबती' फोनवर घेतला आणि आवाजच गेला? सगळाच? … म्हणजे नुसते काचेवर बोट फिरवत पडून राहिले. … आख्खा दिवस? … हाका मारल्याच असतील गं. बंद ब्लॉकमधून कोणाला ऐकू जाणार. … दशरथ कोण? शेजारी. … त्याने दार फोडलं. … आता कसे आहेत? … ऑपरेशन झालं. बोलतायत. बरं. … बरं.

…

…आहे मी. ऐकतेय.

…कुठली, ती आवाजाची दुरुस्ती? तुझी? … जुन्या फोनवर चाललीच नाही. … आता काढली ना ती? … ग्रुपमधल्या धम्मपालने काढली. आणखी कुणाचा फोन नाही ना मुका झाला? … बरं.

…हो. 'देवव्रतदादांनी मंजूर केली होती.' … हो, माहितीये मला. 'छान. तपासून पाहिलं.' हेच शब्द होते.

…एवढंच विचारायचंय तुला त्याला? खरंच तपासली होती का?

…नाही, त्याला नाही देता येणार फोन. … लपवत नाहीये गं. … काय म्हणतो धम्मपाल? … बदललाय? … आधी दोन शब्दांत तोडून टाकायचा आणि हल्ली 'डबा खाल्लास का' विचारतो? … हसता तुम्ही सगळे? … दादाचं कुठेतरी जुळलंय, असं? … नाही गं बाई. तसं काही नव्हतं.

…तू कुठे आहेस आत्ता? … उभी आहेस? कुठेतरी टेक जरा. … बसलीस?

तो गेला, संघमित्रा.

…ऑफिसला नाही. गेला. मागच्या वर्षी, गणपतीच्या आधी. डेंग्यू झाला होता.

…हो, मग कोण लिहितं म्हणजे… मी. मी लिहिते. … तुलाही मीच.

…ठेवू नकोस गं फोन.

…मुद्दाम नाही गं केलं. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करायला म्हणून मी आत गेले. पडद्यावर कुणीतरी विचारलं होतं, दादा, आहात का? मी 'आहे' लिहिलं. दोन अक्षरं. समोरून लगेच आलं, 'बरं वाटलं.' … इथे येणारा प्रत्येक जण देवव्रत असा होता, देवव्रत तसा होता, हेच बोलत होता. तिथे तसं कुणीच बोलत नव्हतं. मग कॉम्प्युटर नाही बंद केला.

…त्याची जुनी उत्तरं शोधायची, त्यातलंच उतरवायचं. तुम्ही सगळे तेच तेच विचारता, चालून जायचं. … हो, डब्याचं माझं. ते त्याच्या उत्तरांत कुठे असणार.

…भीती? … सांगू तुला? मी इकडे ओट्यापाशी असते, माझ्या फोनवर तुमचा ग्रुप उघडते, तर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. कॉम्प्युटर मीच चालू ठेवून आलेले असते, कळतं मला. तरी चहा टाकताना एका कपाचं पाणी जास्तीचं ठेवलं जातं. … आणि एकदा त्याच्या नावाने एक उत्तर दिसलं. मी कधी लिहिलं ते काही केल्या आठवेना. त्याच्यासारखंच होतं, तुटक, पूर्णविराम न दिलेलं. पुन्हा पुन्हा वाचलं. तेव्हा नाही भीती वाटली गं. बरंच वाटलं. त्या बरं वाटण्याची वाटतेय, आता तुझ्याशी बोलताना.

…यांना? नाही, यांना माहीत नाही. हे त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. त्यांना वाटतं मी आत पोथी वाचते.

…ऐक, ते महत्त्वाचं नाहीये. तुझं ऐक. तू लिहिलं होतंस, 'पहिलीच दुरुस्ती आहे, चुकलं असेल तर सांगा.' मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पोरगी घाबरलीय, एवढं कळलं. मंजुरीचं बटण होतं समोर, दाबलं. 'तपासून पाहिलं' असं लिहिलं, कारण तो तसंच लिहायचा. तो आधी कपाटातले सगळे जुने फोन काढून बसायचा, प्रत्येकावर चालवून बघायचा, मग लिहायचा. … हो, आहेत अजून. सगळे कपाटातच आहेत.

…नाही. तुझी चूक नाही. माझ्यासमोर तसं बोलायचं नाही. नवीन माणूस चुकणारच, म्हणून तर तपासणारा ठेवतात. तपासणाराच नव्हता.

…

…ओरड की. मी ऐकून घेईन. … मला 'काकू' म्हणून गोड बोलू नकोस गं आत्ता.

…नको, धम्मपालला तू नको सांगूस. मी सांगते. आत्ताच. … हो, त्याच्या खोलीतच आलेय, बसलेय. … पण त्याच्याच नावाने जाणार ना हे? माझं नाव कुठे आहे तिथे. … जाऊ दे तर जाऊ दे.

…नाही, तू सांगू नकोस, माझं मीच लिहिते. थांब. … 'मी सुहासिनी, देवव्रतची आई. देवव्रत मागच्या वर्षी वारला. तेव्हापासून त्याच्या नावाने मी लिहीत होते. संघमित्राची दुरुस्ती मी न तपासता मंजूर केली. मधुकररावांचं जे झालं ते माझ्यामुळे. त्याच्या नावावरचा मंजुरीचा हक्क आजच काढून घ्यावा.' … लांबलं का? … पहिल्या ओळीनंतर कोण वाचणार आहे म्हणा.

…पाठवते गं. जरा… एकदा हे गेलं की तिथेही तो… हो. मधुकरराव. हो.

…पाठवलं.

…दिसलं तुला? … कुणीच काही लिहीत नाहीये.

…रडू नकोस. आता तू रडलीस तर मी… अगं थांब. वाजलं. तुझ्याकडेही आलं? … मुकुल. हा कोण? … आजचाच दिसतोय. वरचं वाचलंच नाही वाटतं त्याने. 'देवव्रतदादा, मी आजच आलोय. सुरुवात कुठून करू?'

…

…हो, येतं मला उत्तर. पाठ आहे. … हात ठेवलेत कीबोर्डवर. … नाही. नाही लिहीत.

…तू लिही. … तू म्हणजे तूच. ग्रुपमध्ये बाकी सगळे आत्ता गप्प बसलेत, आणि तो तिथे वाट बघतोय. … सोडणार आहेस ना? मग त्याला सांग आणि सोड. मी नाही अडवणार.

…आधी काय? आधी लिही की देवव्रत नाही. स्पष्ट लिही, त्याला शोधायला लावू नकोस. मग तुझं नाव लिही. मग विचार, त्याला काय काय येतं ते. … हो. घे वेळ. मी आहे फोनवर.

…

…आलं. वाचतेय.

…नाही, बरोबर आहे. … नाही गं, मला काही जोडायचं नाही त्यात. … मुकुलने परत लिहिलंय बघ, तुला. बोल त्याच्याशी. ठेवते मी.