'किपान्या सोडा' म्हणते!

...नाही, पण मला सांगा, एका शब्दाचा एकच अर्थ ठेवायला काय झालं होतं? आमच्या मोरोगोरो शहराच्या बोलीत पान्या म्हणजे उंदीर, किपान्या म्हणजे पिटुकला उंदीर, आणि कुठल्याही फटीतून सुळकन घुसते म्हणून आमच्या मिनीबसचं नावही किपान्या! जन्मभर तीच चालवली मी. मग लांबचं दिसेनासं झालं, डॉक्टर म्हणाले गाडी बंद, बायकोनं किल्ली काढून घेतली... इथवर ठीक. पण आमच्या ड्रायव्हर संघटनेनं स्टँडवर कॉम्प्युटर आणला, गाड्यांचे नंबर लावायला माणूस हवा होता. म्हटलं, घरी माशा मारण्यापेक्षा हे बरं, नोकरी मिळाली की बायकोला सांगू!

शिकवायला उपेंडो नावाची पोरगी. पहिल्याच दिवशी म्हणते, "बाबा, किपान्या हातात घ्या." म्हटलं, किल्ली बायकोकडे आहे गं! ती हसून लोटपोट. "अहो, हा! शेपटीवाला!" साबणाच्या वडीएवढा, कॉम्प्युटरचा माऊस, त्यालाही किपान्याच म्हणतात... किपान्या म्हणजे किपान्या, काय बोलणार!

तो सरळ चालेल तर शपथ! मी डावीकडे वळवतो, पडद्यावरचा बाण छताला! सवयीनं ब्रेक दाबतो, तर टेबलाखाली उपेंडोचा पाय! शेवटी जमला, आणि मी घरी येऊन आनंदानं मित्राला फोन केला, "सेफू, किपान्या आला रे ताब्यात! आता कुठे आदळत नाही!" मागे कोण उभी? झुहुराची आई, म्हणजे आमची बायको! ऐकलं आणि तरातरा आत निघून गेली...

दुसऱ्या दिवशी परीक्षा. सगळी संघटना बघतेय, मी बाण नेमका पडद्यावरच्या ड्रायव्हरच्या नावावर आणतोय, तोच दार धाडकन! "झुहुराचे बाबा! लोकांचे जीव घ्यायचेत? सोडा तो किपान्या!"

सोडला हो! ती सोडा म्हणाली की मी सोडतोच... तो शेपटीनं टेबलाखाली लोंबकळतोय, अध्यक्षांचा हात कपाळाला, आणि ही खिडकीतून गाडी शोधतेय! उपेंडोनं लोंबकळता उंदीर दाखवला. "हा?" बायको म्हणाली आणि ढसाढसा रडली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या, हा माणूस कुणालातरी चिरडणार म्हणून..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किपान्या म्हणजे किपान्या, काय बोलणार!

उपेंडोनं तिला खुर्चीत बसवलं, "धरून तर बघा, आई." शिवणयंत्राखाली कापड सरकवणारा हात तो... बाण असा अलगद नावावर बसवला, की अध्यक्ष म्हणाले, "सोमवारपासून येता का?"

मला नाही हो, तिला!

आता स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर तिला वाकून सलाम करतात, आणि मी घरी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली ढवळतो. ढवळलीय कधी? खांदे निखळतात! आणि संध्याकाळी घास घेऊन बाईसाहेब काय म्हणतात?

"गुठळ्या राहिल्यात."