तुझं-माझं नाही, देवाचं

मानवतच्या स्टँडवर परभणीची गाडी येईना. माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत बसल्या होत्या.

"मार्थाकाकू, काका लय प्रार्थनेचे झालेत म्हणं."

"कोरोनापासून. घरातच वेगळ्या खोलीत कोंडून घेतलं होतं. मी दाराबाहेर ताट ठेवायची, आत ह्यांचं गुडघे टेकून रडणं चालू."

"काय मागायचे?"

"प्रभू, मला वाचव. वाचलो तर बायकूला भांडं घासू देणार न्हाई, सकाळचा चहा मीच करीन."

"आन आता?"

"आता घरी प्रार्थनासभा घेतात. आपण कसं वाचलो त्याची साक्ष देतात. सगळ्यांना चहा मी करते, भांडीबी मीच घासते."

"तुमी इचारलं न्हाई?"

"इचारलं की. म्हणाले, ते माझं आन देवाचं होतं, तू मधी पडू नको."

"मंग?"

"न्हाई पडले. काल जेवायला बसले, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, आजची भाकर दे म्हणाले. डोळे उघडले तर ताट रिकामं."

"काय म्हणाले?"

"भाकर कुठं हाय म्हणाले. मी म्हणलं, ज्याला मागितली त्याला इचारा. मी मधी पडत न्हाई."